खोपोलीच्या काकांचं घरही बघा

बोरघाटात अपघात झाला की जेवणाचं ताट बाजूला सारून मदतीला निघणाऱ्या खोपोलीच्या ज्या काकांवर लेख आलाय ते आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधले. लेखात घाटाबद्दल भरपूर आहे पण घराबद्दल एकच ओळ, म्हणून लिहितोय. रात्री तीनला आले तरी सकाळी लेकीला क्लासला सोडणार हेच, आईच्या गुडघ्यांना तेल लावणार पण हेच, आणि काकूंनी दाराशी एक पिशवी कायम भरून ठेवलेली, टॉर्च, हातमोजे, जुन्या धुतलेल्या चादरी, पाण्याच्या बाटल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा भर पावसात, चिखलात तो डोंगर पायी चढून गेलेल्यांत काका पण होते, घरच्यांनी ती रात्र कशी काढली असेल देव जाणे!

अजून एक लिहायला हवं होतं. लोक पोलिसांच्या लफड्याला घाबरून गाडी थांबवत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलंय, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायची पण सक्ती नाही. काका हे रिक्षा स्टँडवर, गणपती मंडळात, अगदी लग्नाच्या पंगतीत सुद्धा सांगत बसतात. आमच्या स्टँडवरचे रिक्षावाले आता १०८ ला फोन लावून स्वतः थांबतात.