कॅन्सल तुम्हीच करा

परवा संध्याकाळी आईला घेऊन कोथरूड डेपोवरून पुणे स्टेशनला निघालो होतो, गुडघ्यामुळे तिला बस झेपत नाही, त्यात भुरभुर पाऊस. ॲपवर रिक्षा लगेच मिळाली आणि लगेच फोन आला, "कुठं जायचंय? ऑनलाइन का कॅश?" स्टेशन म्हटल्यावर "तिकडून रिकामं यायला लागतं दादा, कॅन्सल करा." म्हटलं तुम्ही करा की! फोन कट. आणि मॅपवरची रिक्षा आहे तिथंच, ढिम्म.

केंद्राच्या जुलै 2025 च्या गाइडलाइन्समध्ये विनाकारण कॅन्सल केलं तर भाड्याच्या 10 टक्के, जास्तीत जास्त 100 रुपये दंड आहे, ड्रायव्हरलाही आणि आपल्यालाही. मग बटण दाबणार कोण? ज्याची ट्रेन सुटायला आलीये तो.

दुसरा आला, पण ॲपवर 150 दाखवत होतं आणि हा म्हणे 220 द्या. पुण्यात मीटरचा रेट पहिल्या दीड किलोमीटरला 25 आणि पुढे 17, म्हणजे दहा किलोमीटरचे 170 होतात, मी म्हटलं ॲपचं राहू द्या, मीटर टाका, तर "ॲपच्या भाड्याला मीटर नसतो." बसलो मुकाट्याने. नंतर ॲपवाल्यांकडे तक्रार केली तर उत्तर काय, भाडं तुम्ही आणि चालकाने आपापसात ठरवायचं!!

खरी गोम इथंय. रिक्षासाठी बऱ्याच ॲपवाल्यांनी कमिशन बंद करून ड्रायव्हरकडून ठरावीक फी घ्यायला सुरुवात केलीये, त्यामुळे कंपनीचे पैसे आधीच वसूल, मी पोचलो काय नि भिजत उभा राहिलो काय. पूर्वीचे रिक्षावाले काही संत नव्हते, "तिकडं नाही जाणार" हे पुणेकरांना पाठ होतं, पण तोंडावर नाही म्हणायचे आणि आपण पुढच्या रिक्षाला हात करायचो, दहा मिनिटं फोन घेऊन ठिपक्याकडे बघत बसायचो नाही.

त्या ड्रायव्हरवरही फार चिडता येईना. कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये सांगत होता, सकाळी आधी ॲपचे पैसे भरायचे, मग सीएनजीच्या रांगेत तासभर, मग पहिलं भाडं. ते 150 त्याने ठरवलेले नाहीत, मीही नाही.

आई मात्र उतरेपर्यंत विचारत होती, अरे पण मीटर का नाही टाकला त्याने? मीटर होता की. त्यावर त्याचा नॅपकिन वाळत घातलेला.