चटणी, चार्जर आणि फेज

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाड्याच्या भिंती हातभर जाड. खालच्या राउटरचं वायफाय माडीवर पोचेपर्यंत दम तोडतं आणि भिंत फोडून केबल टाकायला आईची सक्त मनाई. म्हणून विजेच्या तारेतूनच इंटरनेट नेणारे दोन अडॅप्टर घेतले. तारेतून ५० हर्ट्‌झची वीज जाते, त्याच तारेवर त्याहून कितीतरी वरच्या, मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात डेटा पळतो. दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, असं शास्त्र.

खोक्यावरचा ५०० एमबीपीएस वेगाचा आकडा लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारखा. छापायचा असतो, पाळायचा नसतो. त्यातून अडॅप्टर मी स्पाइक गार्डच्या, म्हणजे विजेच्या झटक्यांपासून वाचवणाऱ्या बोर्डात खोचला होता. असल्या बोर्डातलं फिल्टर वरच्या फ्रिक्वेन्सी ‘घाण’ म्हणून गाळतं, आणि माझा सगळा डेटा त्या घाणीतच. थेट भिंतीच्या सॉकेटात लावल्यावर जरा जीव आला.

तरी सकाळी आईने मिक्सर लावला, की ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेबांच्या स्क्रीनवर मी तोंड वासून थिजलेला. मोटरच्या ब्रशमधून ठिणग्या उडतात, त्यांचा गोंगाट नेमका डेटाच्या पट्ट्यात. मग मी घरातला एकेक प्लग उपटत स्पीड बघत सुटलो. दुसरा आरोपी निघाला काकांचा फुटपाथवरून घेतलेला चार्जर. काका म्हणाले, “एवढुसा चार्जर तुझं इंटरनेट खातो? मग तुझं इंटरनेटच अशक्त!” शेवटी माझा चांगला चार्जर देऊन तो सोडवून आणला.

इलेक्ट्रिशियनने मेन बोर्ड उघडला आणि कपाळाला हात लावला. “भिया, नीचे का फेज अलग, ऊपर का अलग!” फेज म्हणजे घरात येणारी विजेची वेगवेगळी लाइन. एका फेजवरचा सिग्नल दुसऱ्यावर पोचतो, पण मेटाकुटीला येऊन. त्याने माडी खालच्या फेजवर घेतली. स्पीड खरोखर वाढला. मात्र सगळा भार एकाच फेजवर आल्यामुळे आता वरचा एसी आणि खालचा गीझर एकदम लावायचे नाहीत, असं फर्मान निघालंय.

नवे अडॅप्टर अर्थिंगच्या तारेतूनही डेटा नेतात म्हणे. आमच्या सॉकेटांना तिसरं भोक आहे. त्यामागे तार नाही, नुसती भिंत आहे. अर्थिंग तर इंटरनेट नसलं तरी हवंच, शॉक काय विचारून बसत नाही. त्यासाठी अंगणात खड्डा घ्यावा लागेल, असं मी आईला सांगितलं.

“खणा की,” आई म्हणाली. “पण मिक्सर तरी बंद ठेवावा लागणारच ना? मग पाटा-वरवंटा काढून देते. मीटिंगच्या आधी तूच वाटत जा चटणी.”