ठोकळे महाग नाहीत, संयम दुर्मीळ आहे

बालवाडीतील ठोकळ्यांच्या खेळावरील लेख वाचला. वर्गात काय बांधायचे हे मुलांनीच ठरवावे, हा त्यातील मुद्दा मला मनापासून पटला. मात्र त्यासाठी ठोकळ्यांचे खर्चिक संच लागतात, हे त्यातलेच विधान मान्य करता येत नाही. बालवाडीची (किंडरगार्टनची) कल्पना मांडणारे शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीत बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुलांसाठीच्या खेळसाधनांना ते 'भेटी' म्हणत; त्यांतील तिसरी 'भेट' म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला एक साधा लाकडी घन होता. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत व पुढे कोसबाडला शिंपले, बिया, खडे अशा परिसरातल्या वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचा दर्जा दिला.

मी अनेक वर्षे बालवाडीत शिकवले आहे. एकदा एक मुलगी रिकाम्या काड्यापेट्यांचे दोन खांब रचून त्यांवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवत होती. पट्टी आखूड असल्याने पूल पुन्हा पुन्हा कोसळत होता, आणि 'खांब जवळ आण' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते आवरले. बऱ्याच वेळाने तिने पट्टी आधी जमिनीवर ठेवली, तिच्या शेजारी, दोन्ही टोकांच्या किंचित आत खांब उभे केले आणि मग ती अलगद उचलून वर टेकवली. मोजपट्टी हाती येण्यापूर्वीच तिने लांबीची तुलना केली होती, तीही मला सुचली नसती अशा रीतीने. शिक्षक-प्रशिक्षणात हे थांबणे, पाहणे आणि नोंद ठेवणे शिकवले जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.