अम्ब्रेला पॉलिसीबद्दलच्या त्या मेसेजविषयी खुलासा

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांमध्ये एक मेसेज फिरतो आहे: "दहा लाख डॉलरची अम्ब्रेला पॉलिसी घ्या, गाडीचा विमा कमीत कमी ठेवा आणि हप्ता वाचवा. पाहुण्या आईवडिलांचा दवाखान्याचा खर्चही त्यातूनच निघतो." दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

अम्ब्रेला पॉलिसी म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा जादा विमा; ती गाडीच्या आणि घराच्या विम्याची मर्यादा संपल्यावर सुरू होते. म्हणूनच कंपन्या आधी हा खालचा, म्हणजे गाडीचा आणि घराचा, विमा ठरावीक रकमेचा मागतात. गाडीसाठी सहसा जखमी माणशी 2,50,000 डॉलर. समजा, मुलाच्या हातून अपघात झाला आणि जखमी माणसाला 9,00,000 डॉलर द्यायचे ठरले. गाडीचा विमा 2,50,000 देईल, उरलेले 6,50,000 अम्ब्रेला. पण मेसेज वाचून तुम्ही गाडीचा विमा कॅलिफोर्नियाच्या किमान मर्यादेवर, म्हणजे माणशी 30,000 वर आणलात, तरी अम्ब्रेला 2,50,000 च्या पुढचंच देईल, आणि मधले 2,20,000 डॉलर तुमच्याच खिशातून जातील. घरात नुकताच गाडी शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर कृपया हा धोका पत्करू नका.

आईवडिलांचं म्हणाल, तर ही पॉलिसी तुमच्यामुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं, त्याच्या भरपाईसाठी असते. वडिलांना छातीत दुखू लागलं तर ती एक डॉलरही देणार नाही. त्यांच्यासाठी प्रवासी आरोग्य विमा वेगळाच काढावा लागतो, आणि तोही निघण्यापूर्वी काढलेला बरा.