दुसरा पडत नाही

आमच्या घरात खायचं तेल कुठलं येतं, हे मला आजही सांगता येणार नाही. कॅनवर सूर्यफूल असतं की शेंगदाणा, ते मेघनाला विचारावं लागेल. लग्नाला चौदा वर्षं झाली, तेवढी वर्षं त्या तेलातल्या पुऱ्या मी निमूट खाल्ल्या. आणि तोच मी यंदा एप्रिल-मे महिन्यांत तीन आठवडे तीन लिटर तेलापायी रात्र-रात्र जागा होतो.

तेल गाडीचं. गाडी म्हणजे १९९९ सालची माझदा मियाटा. दोन सीटा, कापडी छप्पर, हातानं टाकायचे पाच गिअर, जोर मागच्या चाकांना. दोन मुलं, आईवडील येऊन-जाऊन आणि किराणा दर रविवारी, अशा माणसानं ही गाडी का घेतली असं विचारायचं नाही. ते मेघनानं विचारून झालं आहे. आम्ही राहतो शिकागोच्या एका उपनगरात आणि ही मियाटा जगानं पहिल्यांदा पाहिली ती शिकागोच्याच मोटार प्रदर्शनात, १९८९ च्या फेब्रुवारीत. 'ही इथलीच लेक आहे' एवढ्या एका मुद्द्यावर मी घरात ठराव पास करून घेतला होता.

तिला खोड एकच. सकाळी गार असली की दुसरा गिअर पडत नाही. पहिला पडतो, तिसरा पडतो. दुसऱ्याला गेलं की आतून 'खर्रर्र', गिरणीच्या जात्यात खडा जावा तसं. दहा मिनिटं चालली, अंगात ऊब आली, की काही झालंच नव्हतं असं वागते. आमची एक आत्या अशीच आहे. पहिला चहा पोटात जाईपर्यंत तिच्याशी बोलायचं नसतं.

मी आप्पांना फोन लावला. आप्पा कऱ्हाडला असतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यामुळं कुठल्याही यंत्राचं दुखणं त्यांना फोनवरून कळतं आणि माणसाचं समोर बसूनही कळत नाही.

"गिरबॉक्सचं तेल कधी बदललंस?"

"बदलायचं असतं?"

पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "नव्वद नंबर टाक. गिरबॉक्सलाबी नव्वद, डिफ्रन्सललाबी नव्वद. आन् दुसरा टाकताना जरा दम धरत जा. ठेव."

हा लेख खरं तर इथंच संपायला हवा होता. पण मी शिकलेला माणूस. मी गाडीचं पुस्तक उघडलं.

पुस्तकात डिफरन्शियलसाठी, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीसाठी, लिहिलं होतं 'जीएल-५'. जीएल ही गिअर ऑइलची प्रत. स्वच्छ, सरळ. गिअरबॉक्ससाठी मात्र लिहिलं होतं 'जीएल-४ किंवा जीएल-५'. माझी झोप उडवली ती या 'किंवा'नं. ज्यानं गाडी बनवली त्यालाच ठरवता येत नसेल, तर मी कोण?

दुकानात गेलो. गिअर ऑइलचं कपाट छातीएवढं उंच. ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९०, ७५डब्ल्यू-१४०, ८५डब्ल्यू-१४०, सिंथेटिक, अर्धं सिंथेटिक. इंजिनात ३० नंबर घालणाऱ्या मला वाटलं, ९० म्हणजे तिप्पट घट्ट, काकवीच. तसं नसतं. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी. त्यातलं ९० हे इंजिनच्या ४० ते ५० च्या घरात बसतं. चपलेचा नंबर आठ आणि चष्म्याचा दोन, म्हणून चष्मा लहान होत नाही, तसंच. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यू म्हणजे उणे ४० अंशांलाही हे तेल ठरलेल्या मर्यादेपलीकडं घट्ट होणार नाही. ८०डब्ल्यूची तीच परीक्षा उणे २६ ला होते, ८५डब्ल्यूची उणे १२ ला. उणे ४० हा फार सुंदर आकडा आहे. तिथं सेल्सिअस आणि फॅरनहाइट एक होतात. माझं आणि शेजारच्या पोलिश आजोबांचं हवामानाबद्दल एकमत व्हायची ती एकमेव जागा.

म्हणजे ७५डब्ल्यू-९० हे ठरलं. राहिला 'किंवा'.

तो समजायला दुसरा गिअर का ओरडतो ते कळायला हवं. धावत्या एसटीत चढताना काय करतो आपण? आधी चार पावलं गाडीच्या वेगानं पळतो, मग दांडा धरतो. वेग जुळायच्या आत दांडा धरला तर गुडघे फुटतात. गिअरबॉक्समध्ये ते पळायचं काम एक पितळी रिंग करते, सिंक्रो म्हणतात तिला. ती गिअरच्या शंकूवर घासते, दोघांचा वेग एक करते आणि मग दात दातांत बसू देते. आता घासायचं म्हणजे पकड हवी. तेल फार निसरडं असलं की रिंग नुसतीच सटकते. म्हणजे तेलानं निसरडं असावं, पण ऐन वेळी नसावं. अशी अपेक्षा आपण जावयाकडूनही ठेवत नाही.

डिफरन्शियलची तऱ्हा उलट. तिथं पिनियन हे छोटं दातेरी चाक क्राऊन या मोठ्या चाकाच्या मध्यावर नसतं, खालच्या अंगाला असतं, त्यामुळं दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसटत जातात, तेही सगळ्या गाडीचा जोर अंगावर घेऊन. तेलाचा थर त्या दाबाखाली चिरडून जातो. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची औषधं भरपूर घालतात, जीएल-४ च्या साधारण दुप्पट. ती लोखंडावर एक पातळ साय धरतात. तेल बाजूला झालं तरी साय दातांना वाचवते. पण हेच गंधक पितळेला बाधतं. पितळेच्या भांड्यात कल्हईशिवाय ताक ठेवू नये हे माझ्या आजीला माहीत होतं, आणि ती गिअरबॉक्स न बघता गेली. हल्लीच्या जीएल-५ मधलं गंधक बरंच माणसाळवलेलं असतं, म्हणून तो 'किंवा'. पण माणसाळलेलं आणि माणूस यांत फरक असतोच.

सल्ले मागायला जावं लागलं नाही. पोलिश आजोबा म्हणाले, हात लावू नकोस, जुनं तेल हेच गिअरबॉक्सचं रक्त आहे, काढलंस की गळायला लागेल. मंडळातला एक मित्र विजेवर चालणारी गाडी घेऊन आला होता. तो काहीच बोलला नाही. नुसता हसला, आणि ते फार लागलं. दुकानातल्या पोरानं डिफरन्शियलसाठी एक छोटी बाटली पुढं केली, घर्षण सुधारणारी. ती कुणाला लागते? ज्यांच्या मागच्या पेटीत क्लचच्या चकत्या असलेलं लिमिटेड स्लिप, म्हणजे एकट्या चाकाला मोकाट फिरू न देणारं डिफरन्शियल, असतं त्यांना. माझ्यात काय आहे हे मला कुठं ठाऊक? घरी येऊन मागची दोन्ही चाकं उचलली, न्यूट्रल केली आणि एक चाक हातानं पुढं फिरवलं. दुसरं मागं फिरलं. म्हणजे साधं, उघडं डिफरन्शियल. एक पुढं ओढतंय, दुसरं मागं, आणि तरी गाडी चाललीय. आघाडी सरकारं चालवलेल्या राज्यातून आलेल्या माणसाला यात नवल वाटलं नाही. छोटी बाटली वाचली.

शेवटी एका रात्री पावणेदोन वाजता निकाल लागला. गिअरबॉक्सला जीएल-४, रेडलाइन कंपनीचं एमटी-नाइन्टी. डिफरन्शियलला साधं जीएल-५. मी मेघनाला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "छान. मुलीच्या शाळेचा फॉर्म भरलास?"

आता हिशेब. गिअरबॉक्सला दोन लिटर, डिफरन्शियलला एक. पण इथं बाटली मिळते क्वार्टाची, म्हणजे ९४६ मिलीची. गिअरबॉक्ससाठी दोन घेतल्या तर १०८ मिली कमी पडतं. तिसरी घ्या. डिफरन्शियलला एक घेतली तर ५४ मिली कमी. दुसरी घ्या. तेल वेगवेगळं, त्यामुळं याचं त्यात चालत नाही. तीन लिटर तेलासाठी पाच बाटल्या! अर्धी वाटी तेलाला जी संस्कृती एक अख्खी बाटली विकते, तिच्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

मे महिन्यातला शनिवार. गाडी फिरवून तेल कोमट करून आणलं, चार लोखंडी घोड्यांवर सपाट उभी केली आणि पाठीवर सरपटत खाली गेलो. खालचं बूच सोडलं. काळपट तेल निघालं, चुलीवर विसरलेल्या काढ्याच्या रंगाचं. बुचाच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर करडी, मऊसूत भुकटी जमली होती, घरच्या काजळासारखी. बोटावर घेऊन चोळली तर आत उन्हात दोन-तीन पिवळे कण चमकले. पितळ. माझी दुसऱ्या गिअरची रिंग होती ती, माझ्या बोटावर. क्षणभर मला खरंच भरून आलं.

बूच पुसलं, नवा वायसर घालून आवळलं. आता भरायचं बूच. ते गिअरबॉक्सच्या कुशीत, वरच्या अंगाला, जिथं हात जातो पण डोकं जात नाही. मेघनाचा मेकअपचा आरसा आणला, त्यात बघून पाना बसवला आणि जोर लावला. हलेना. फवारा मारला, थांबलो, परत जोर. हलेना. दीड तास.

तेव्हा ध्यानात आलं की खालून सगळं तेल सोडून दिलेली, वरून घालायला तोंड नसलेली एक गाडी माझ्या छातीवर उभी आहे. तेल कुठलं यावर तीन आठवडे विचार केला. ते आत कसं जाणार यावर एक मिनिट नाही.

फोन लावला. इथं दुपारचे चार, म्हणजे कऱ्हाडला पहाटेचे अडीच. आप्पांना वाटलं कोण तरी गेलं.

"आप्पा, गिअरबॉक्सचं भरायचं बूच निघत नाही."

"...सोडायचं काढलंस का?"

"काढलं."

"आरं, आधी भरायचं उघडायचं, मग सोडायचं. पयल्या दिवशी हेल्पर पोराला शिकवतोत ह्ये."

"मला नाही शिकवलंत."

"तुला इंजिनेर केलाय न्हवं." मग थोडं थांबून, "कुठल्या अंगाला फिरवतोयस?"

"डावीकडं. आरशात बघून."

पुन्हा ती शांतता. त्या शांततेत मलाही कळलं. आरशात डावं ते उजवं. दीड तास मी ते बूच जिवाच्या आकांतानं आवळत होतो.

"पान्याला पाइप लाव," आप्पा म्हणाले, "आन् आरसा बायकूला परत दे."

पाइप पोलिश आजोबांनी दिला. सांगितलं होतं हात लावू नकोस, असं ते तोंडानं बोलले नाहीत. पाइप देताना दोन्ही हातांनी दिला, अहेरासारखा. तीन फुटी पाइपच्या टोकाला लोंबकळल्यावर 'कट्' असा आवाज झाला. मला वाटलं आटे गेले. पण बूच सुटलं होतं. मग इंजिनच्या बाजूनं लांब नळी खाली सोडली, वर नरसाळं लावलं आणि भोकातून तेल ओघळायला लागेपर्यंत ओतत राहिलो. डिफरन्शियलबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आधी वरचं बूच उघडलं, वीस मिनिटांत झालं. फक्त शेवटी नळी निसटली आणि अर्धा पेला जीएल-५ माझ्या मानेवरून बनियनमध्ये गेलं.

हात धुतले, अंघोळ केली, दोनदा. संध्याकाळी जेवायला लोक येणार होते. आलेल्या काकूंनी दारातच नाक वर केलं आणि म्हणाल्या, "आमटीला हिंग काय खमंग पडलाय गं!" हिंगाचा वास गंधकाचाच असतो, त्यामुळं काकू चुकल्या नव्हत्या. आमटीत हिंग नव्हता, इतकंच. मेघनानं माझ्याकडं पाहिलं आणि मला टेबलाच्या लांबच्या टोकाला बसवलं.

आणि फरक पडला का? तो प्रश्नच मे महिन्यात विचारता येत नाही. दुसरा अडायचा तो थंडीत, आणि मी तेल बदललं उन्हाळ्याच्या तोंडावर. अख्ख्या शिकागोत थंडीची वाट बघणारा मी एकटा होतो. बरं, खरी थंडी पडली की रस्त्यावर मीठ टाकतात, मिठानं गाडी गंजते, म्हणून डिसेंबर ते मार्च ती चादरीखाली. म्हणजे परीक्षेला सापडतात त्या नोव्हेंबरातल्या मोजक्या सकाळी, गारठा आहे पण मीठ नाही अशा. तशी एक सापडली. उणे तीन अंश. लेंग्यावर जाकीट चढवून गाडी बाहेर काढली, पहिला टाकला, क्लच दाबला, श्वास रोखला. दुसरा पडला. आवाज नाही, काही नाही.

तिथंच कडेला थांबून आप्पांना फोन लावला.

"पडला, आप्पा! सुटसुटीत."

"दम धरून टाकलास का?"

"हो. म्हणजे, जरा थांबलो होतो."

"मंग नुसतं थांबायचंच व्हतं. तेल कशापायी बदललंस?" मग म्हणाले, "उरलंय किती?"

"पावणेदोन लिटर."

"येताना घिऊन ये. आपल्या फाटकाच्या बिजागऱ्या लई वाजतात."

मी गेटसाठी जीएल-४ चालेल की जीएल-५, हे विचारणार होतो. पण बिजागऱ्या पितळी आहेत का, तेच आठवेना.