चोवीस मिनिटांत मुंबई? हिशोब पुन्हा मांडा की!

आमच्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही आला असेल: ‘सोलापूर-मुंबई ३६० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे २४ मिनिटांत मुंबई! साखर कारखान्याची चिमणी पाडल्याने विमान सरळ जातं. त्यात पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे मुंबईच विमानाकडे येते. वंदे भारतला आता कोण विचारतंय?’

३६० चा आकडा खरा आहे. नकाशावर सरळ रेघ ओढली तर साधारण तेवढंच भरतं. रेल्वेने मात्र ४५५ किलोमीटर.

गडबड ९०० पासून सुरू होते. हा वेग उंचावर गेलेल्या जेटचा. दहा हजार फुटांच्या खाली सहसा २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आसपासची मर्यादा असते. एवढ्या छोट्या पल्ल्यात विमान वर पोचतंय न पोचतंय तोच उतरायची तयारी सुरू. पुढे मुंबईची रांग आहेच. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी कामाची एकच. म्हणून घिरट्या. शिवाय तिकिटावरची वेळ जागा सोडल्यापासून जागेवर लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणंही त्यात आलं. तासभर धरा.

चिमणीचं ऐकून मात्र हसू आलं. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, कारण सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावर चढता-उतरताना ती आड येत होती. अंतर त्याने एक मीटरही घटलं नाही. नव्वद मीटरच्या चिमणीला वळसा घालून कुणी मुंबईला जात नव्हतं.

पृथ्वी फिरते, पण हवाही तिच्याबरोबरच फिरते. नाहीतर सोलापूरच्या गड्डा जत्रेत सोडलेला फुगा बघता बघता पश्चिमेला मोहोळ गावाच्या पुढे गेला असता. फरक पडतो तो वाऱ्याने. हिवाळ्यात उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून येतात, म्हणजे मुंबईला जाताना समोरूनच. एवढ्याशा अंतरात तोही काही मिनिटांचाच.

राहिली वंदे भारत. ती साडेसहा तास घेते, हे मान्य. पण घरापासून मोजा. होटगी रोड जवळ आहे, हे आपलं नशीब. तरी तपासणीसाठी आधी पोचायचं, चटणीचा डबा बॅगेतून काढून दाखवायचा, उतरल्यावर बॅगेची वाट बघायची. अंधेरीत काम असेल तर बेशक विमान, चार तासांत पोचाल. मंत्रालयात असेल तर विमानतळावरून पुढे पंचवीसेक किलोमीटर ट्रॅफिक. वंदे भारत सीएसएमटीला सोडते, तिथून मंत्रालय टॅक्सीने हाकेवर. तरीही विमान आधी पोचेल, पण फक्त दोन-अडीच तास आधी. सहा तास नव्हे.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. काकांनी अंगठा दाखवला. पुढच्या आठवड्यात त्यांना मुंबईला जायचंय. तिकीट काढलंय रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं.