‘नुसता आकड्यांचा संबंध’: तंबाखूच्या फॉरवर्डला उत्तर

परवा मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. मामा जेवण झालं की तळहातावर तंबाखू घेतात, चुना लावून अंगठ्याने मळतात, दोन थापा मारून बार खालच्या ओठामागे सोडतात. तेव्हा हा मेसेज त्यांना आवडला यात नवल नाही. मेसेजचं म्हणणं असं: तंबाखू आणि कॅन्सर यांचा संबंध नुसता आकड्यांचा आहे, फिशरसारख्या थोर संख्याशास्त्रज्ञानेही तो मान्य केला नव्हता, भारतात तर असा अभ्यासच झालेला नाही, आणि गावोगावी तंबाखू खाऊन नव्वदी गाठलेले म्हातारे आहेत. ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे’ (दोन गोष्टी बरोबरीने दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी होते असं नाही) हे वाक्य मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो. मेसेजमध्ये नेमकं तेच ठळक अक्षरांत होतं, म्हणून गप्प बसवेना.

म्हाताऱ्यांचं आधी उरकून टाकू. पारावर नव्वदीचेच बसलेले दिसतात. पंचावन्नाव्या वर्षी गेलेले तिथे भेटणार कसे? तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर होतो असं कोणीच म्हणत नाही. धोका किती पटींनी वाढतो, एवढाच प्रश्न आहे.

आता ‘नुसते आकडे’. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांत फुप्फुसाचा कॅन्सर झालेले ६४९ पुरुष घेतले आणि त्यांच्या जोडीला त्याच वयाचे, दुसऱ्या आजारांचे ६४९ पुरुष. धूम्रपान न करणारे पहिल्या गटात २ निघाले, दुसऱ्या गटात २७. टक्केवारी काढली तर धूम्रपान करणारे ९९.७ आणि ९५.८ टक्के येतात, आणि माणूस म्हणतो, यात फरक तो काय! इथेच फसगत होते. त्या काळच्या लंडनमध्ये जवळजवळ सगळेच ओढत होते, त्यामुळे न ओढणाऱ्यांकडेच बघायला हवं. न ओढणाऱ्या २ ला ओढणारे ६४७ आणि न ओढणाऱ्या २७ ला ओढणारे ६२२ ही दोन गुणोत्तरं शेजारी ठेवा: फरक सुमारे १४ पटींचा आहे. गंमत म्हणजे डॉल यांचा सुरुवातीचा संशय सिगारेटवर नव्हता, रस्त्यांवरच्या डांबरावर होता. आकडे बघता बघता त्यांनी स्वतःच सिगारेट सोडली.

फिशर यांचा मुद्दा मात्र फालतू नव्हता, हे कबूल करायला हवं. १९५८ च्या सुमारास ते म्हणत होते, की सिगारेटची ओढ आणि कॅन्सर या दोन्हींच्या मुळाशी एखादा आनुवंशिक गुण असेल. जुळ्यांच्या सवयींची आकडेवारीही त्यांनी पुढे केली. (ते स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते. पण तेवढ्यावरून युक्तिवाद खोटा ठरत नाही, म्हणून हे कंसात.) याला उत्तर १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी दिलं, तेही साध्या गणिताने. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका ९ पट असेल आणि सगळा दोष त्या लपलेल्या गुणाचाच असेल, तर तो गुण ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांपेक्षा निदान ९ पट जास्त आढळायला हवा. असा गुण कोणी दाखवू शकलं नाही. पुढे फिनलंडच्या जुळ्यांचा अभ्यास झाला. दोष आनुवंशिक गुणाचा असेल, तर एकसारख्या जुळ्यांत तो दोघांतही असणार. एक ओढणारा, दुसरा न ओढणारा अशा जोड्यांमध्ये बहुतेक वेळा ओढणारा आधी गेला. फिशर यांचं नाव घेणाऱ्या मेसेजमध्ये गोष्ट १९५८ लाच संपते.

इथवर लिहून ग्रुपवर टाकलं तर मामांचं लगेच उत्तर: “अरे पण मी सिगारेट कुठे ओढतो?”

बरं, मग भारतातलं बघू. ‘भारतात अभ्यास नाही’ हे २०१५ मध्ये अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी संसदीय समितीचे अध्यक्ष असताना म्हणाले होते, आणि तेव्हापासून ते फिरतंय. पण साठ वर्षं आधी, १९५५ मध्ये, मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या रुग्णांवरचा संघवी, राव आणि खानोलकर यांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला होता. विषय नेमका हाच: तंबाखू ओढणं, चघळणं आणि तोंड-घशाचा कॅन्सर.

मला सगळ्यात पटतो तो आंध्रच्या किनाऱ्यावरचा पुरावा. तिथे काही बायका चुट्टा (तंबाखूच्या पानांचा गावठी चिरूट) उलटा ओढतात, पेटतं टोक तोंडात धरून. त्यांना कॅन्सर होतो तो टाळूला, जिथे तो एरवी क्वचितच दिसतो. बार ओठामागे धरणाऱ्याला तो बहुधा तिथेच, गालात धरणाऱ्याला गालात. दोष लपलेल्या गुणाचाच असेल, तर चुट्टा कुठल्या टोकाने धरलाय हे त्या गुणाला कसं कळतं?

मामा, दातांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा खालचा ओठ उलटा करून दाखवा. बार ठेवता ती जागा.